दोन जयपूर आणि एक पार्सल

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहिले ते मांजरपाटात शिवलेले, लाखेच्या मोहोरा उठविलेले एक पार्सल. परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा इतिहास टपालावाचून पुरा होत नाही. आणि टपालाचा इतिहास हा पुष्कळ अंशी टपालाविषयीच्या तक्रारींचाच इतिहास आहे.

ही तक्रार फार जुनी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी सैन्याचा संहार झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर भिलशाजवळ होते. त्या अनर्थाची वार्ता त्यांना सुमारे दहा दिवसांनी कळली, आणि तीही स्वतःच्या जासुदाकडून नव्हे, तर वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रावरून. राज्यकर्त्याच्या डाकेआधी सावकाराची डाक पोहोचावी, याचे नवल खाजगी कुरिअरकडे धाव घेणाऱ्या आजच्या गृहस्थास वाटू नये.

कंपनी सरकारची डाक सामान्य जनांस खुली झाली ती वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, १७७४ साली. शंभर मैलांस दोन आणे हा दर गोरगरिबांच्या आवाक्यातला नव्हता. अंतर वाढेल तसे हशील वाढे आणि पुष्कळदा ते पत्र घेणाऱ्याकडून वसूल केले जाई. १८५४ साली सर्व देशासाठी तिकिटे निघाली आणि पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर ठरला. पुढे १८७७ साली व्ही. पी., १८७९ साली पोस्टकार्ड आणि १८८० साली मनिऑर्डर आली. यांतील प्रत्येक सुधारणा लोकांच्या कोणत्या ना कोणत्या अडचणीस दिलेले उत्तर होते. पुस्तके व्ही. पी.ने मागविणारा वाचक आणि मनिऑर्डरीची वाट पाहणारी कोकणातील माउली, या दोघांची घडी याच सुधारणांनी बसविली.

आमच्या या जयपुराची कथा थोडी निराळी. संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते. १९०४ साली निघालेल्या त्याच्या तिकिटांवर सूर्यदेवाचा रथ विराजमान झाला होता. कछवाह राजघराणे सूर्यवंशी, तेव्हा ते उचितच होते. परंतु हा रथ संस्थानाच्या सीमेपाशी थांबे. संस्थानी तिकीट हद्दीबाहेर चालत नसे. मुंबई-पुण्याकडे पत्र धाडावयाचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. १९४९ साली राजस्थान राज्य आकारास आले, १९५० साली संस्थानी तिकिटांची जागा भारताच्या तिकिटांनी घेतली आणि ही दुहेरी व्यवस्था संपली.

दुसरा एक घोटाळा मात्र संपला नाही. जयपूर या नावाचे आणखी एक गाव ओडिशातील कोरापुट जिल्ह्यात आहे. तेही एका राजघराण्याचे ठिकाण, आणि १९३६ साली ओरिसा प्रांत वेगळा होईपर्यंत मद्रास इलाख्यात मोडणारे. इंग्रजीत त्याचे नाव जेपोर असे लिहितात. पण एकोणिसाव्या शतकातील कित्येक इंग्रजी ग्रंथांत आपले जयपूरही त्याच अक्षरांनी लिहिलेले आढळते. नावे सारखी, लिपी अनेक आणि हस्ताक्षरे अगणित. अशा देशात पत्रे वेगळी करणाऱ्या कारकुनाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर एका मराठी माणसाने दिले, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वराचे, संस्कृतचे व्युत्पन्न पंडित आणि कवी, आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांक सुरू झाला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि उरलेले तीन अंक वाटप करणारे टपालघर. राजस्थान व गुजरातचा आरंभ ३ ने, महाराष्ट्राचा ४ ने. आपल्या जयपुराचे अंक ३०२ ने सुरू होतात, कोरापुटकडील जयपुराचे ७६४ ने. अक्षर लागले नाही तरी अंक लागावा, आणि भाषा न येणाऱ्यासही वाट सापडावी, असा हा सुटसुटीत उपाय होता.

परंतु उपाय निघाला म्हणजे तो घरोघर पोहोचलाच असे नव्हे. १९९५ साली आमची प्रथमच जयपुरास बदली झाली. त्या दिवाळीत आईने फराळाचे पार्सल धाडले. वेलणकरांच्याच जिल्ह्यातील आमचे गाव. पण तीर्थरूप दादांनी पत्ता लिहिला तो बाळबोध लिपीत, वळणदार अक्षरात आणि पिनवाचून. ‘जयपूर’ एवढे लिहिले की पुरे, एवढे मोठे शहर कोणास ठाऊक नाही, असा त्यांचा भाव.

दिवाळी गेली, तुळशीचे लग्न झाले, मार्गशीर्ष अर्धा सरला, तेव्हा पार्सल आले. करंज्यांचा चुरा झाला होता आणि चकल्यांना वास येत होता. तळाशी दादांची चिठ्ठी होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अमुक तारखेस ठरली आहे, जमल्यास यावे, एवढाच मजकूर. ती तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. उत्तर नाही आणि मुलगाही नाही, हे पाहून दादा एकटेच शस्त्रक्रियेस गेले होते. पुढे आम्ही सारा प्रकार सांगितला, त्यांनी मान हलविली. पण ‘चिठ्ठी मिळाली नव्हती’ या आमच्या म्हणण्यावर त्यांचा पुरता विश्वास बसला असे आम्हांस अखेरपर्यंत वाटले नाही.

आम्ही तक्रार-अर्ज दिला. तीन महिन्यांनी संबंधित कचेरीचे छापील उत्तर आले : विलंबाबद्दल नियमानुसार दायित्व नाही. तो नियम म्हणजे १८९८ च्या टपाल कायद्याचे सहावे कलम. टपाल हरवले, चुकीच्या ठिकाणी गेले, उशिरा पोहोचले वा खराब झाले, तरी सरकारने स्वतः स्पष्टपणे पत्करले असेल तेवढेच त्याचे दायित्व. आणि कर्मचारी जबाबदार केव्हा, तर त्याने लबाडीने वा जाणूनबुजून तसे केले असेल तेव्हा. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, तक्रारी ग्राहक मंचांपुढे जाऊ लागल्या. पण ही ढाल तेथेही वेळोवेळी पुढे करण्यात आली, कधी ती टिकली, कधी टिकली नाही. २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला आणि जुना गेला; तरी नियमांनी ठरवून दिले असेल तेवढेच दायित्व, हे तत्त्व त्यातही कायम आहे.

आम्ही स्वतः केंद्र सरकारचे नोकर. खाते निराळे, पण ‘नियमानुसार’ या शब्दाने संपणारी उत्तरे आम्हीही लिहिली आहेत. ते उत्तर हाती आले त्या दिवसापासून अशा कागदावर सही करताना आमचा हात क्षणभर थांबतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. पार्सलच्या कापडावर ओडिशातील शिक्का होता आणि त्याच्या शेजारी कोणीतरी लाल पेन्सिलीने इंग्रजीत लिहिले होते, ‘राजस्थानात पाहा’. मराठी अक्षरे ज्यास बहुधा वाचता येत नव्हती, अशा एका अनोळखी कर्मचाऱ्याने आमच्या आईचे पार्सल टाकून न देता त्याची वाट शोधली होती. अर्जात आम्ही उशिराबद्दल दीड पान लिहिले. या माणसाविषयी एक ओळही लिहिली नाही. तक्रारीच्या छापील नमुन्यात जबाबदार माणसाचे नाव मिळत नाही हे खरे. पण आभार मानण्यासाठीही त्यात रकाना नसतो.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ साली डिजिपिन नावाचा दहा चिन्हांचा नवा पत्ता आला. चार मीटर लांबी-रुंदीचा तुकडाही तो दाखवितो म्हणतात. फराळ आज कुरिअरने येतो आणि तो कोठे अडकला आहे ते भ्रमणध्वनीवर दिसते. तरीही मंडळाच्या दिवाळी संमेलनात ‘आमचे अजून आले नाही’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येतेच. पन्नास वर्षांच्या या प्रवासात आपल्या मंडळाने अशा न पोहोचलेल्या फराळाच्या जागी स्वतःचे ताट वाढले. १९९५ च्या त्या दिवाळीत आम्ही पहिली करंजी खाल्ली ती मंडळातच, एका अपरिचित काकूंच्या हातची.

तरुण सभासदांस एवढीच विनंती की, पत्त्यावर पिन अवश्य लिहावा, पावती जपून ठेवावी, आणि पार्सल येवो न येवो, घरी दूरध्वनी करून आई-वडिलांची प्रकृती विचारावी.