नर्मदाकांठचें दप्तर

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना इतिहाससंशोधक प्रथम एक शंका घेतो: हे कागद एकत्र बांधलेले आहेत खरे, पण ते एकाच काळीं लिहिले गेले होते काय? शिवकालीन पत्रापाशीं उत्तर पेशवाईंतील यादी सांपडली, म्हणून दोहोंवरून एकच दरबार कोणी कल्पीत नाहीं. पृथ्वीच्या दप्तराविषयीं मात्र ही शंका आपणांस सहसा सुचत नाहीं. एका थरांत मिळालेलीं हाडें एकाच काळचीं, असें आपण सहज धरून चालतों.

ह्या समजुतीची परीक्षा पाहावयाची, तर मध्यप्रदेशांतील हथनोरा ह्या नर्मदाकांठच्या गांवाकडे वळावें. तेथें १९८२ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांस, गोटे व वाळू घट्ट होऊन बनलेल्या थरांत, मानवी कवटीचा वरचा भाग सांपडला. त्यांनीं तो होमो इरेक्टस ह्या प्राचीन मानवाचा ठरविला. पुढें १९९१ सालीं केनेथ केनेडी व त्यांचे सहकारी यांनीं तो आपल्याच जातीच्या एका पुरातन रूपाचा मानला. हा वाद महत्त्वाचा खरा. परंतु आम्हांस त्याहूनहि निराळा प्रश्न मोलाचा वाटतो: हा मनुष्य कोणत्या रानांत वावरत होता?

तेथील जुन्या गाळांत पाणघोडा, हत्ती, हरणें, रानबैल व घोडा यांचे अवशेष मिळतात. पाणघोड्यास खोल पाणी हवें, घोड्यास उघडें कुरण, हरणांस झाडी. सर्वांस एका चित्रांत बसविलें, कीं डोह, कुरण व वनराई यांनीं भरलेला प्रदेश डोळ्यांपुढें उभा राहतो. चित्र मनोहर आहे. पण तसा प्रदेश होता काय?

नदी केवळ पुरीत नाहीं, उकरतेहि. पुरानें दरड कोसळली, कीं हजारों वर्षांपूर्वीं गाडलेलें हाड पुन्हां प्रवाहांत येतें आणि नुकत्याच मेलेल्या जनावराच्या हाडाशेजारीं रुतून बसतें. कोरड्या काळांतील घोडा व ओल्या काळांतील पाणघोडा असे शेजारी आले, तर त्यांवरून कल्पिलेलें रान कोणत्याच काळीं उगवलेलें नसतें. हथनोऱ्याविषयीं ही शंका पोकळ नव्हे. राजीव पटनाईक व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, तेथील थरांत निरनिराळ्या काळचे अवशेष मिसळले असल्याचें म्हटलें आहे.

मग हे अवशेष टाकाऊ समजावे काय? मुळींच नाहीं. प्रत्येकाची जबानी वेगळी घ्यावी, इतकेंच. सांधे जुळलेलेच राहिले असतील, तर तें जनावर मेल्यावर तेथेंच गाडलें गेलें असावें. हाडाच्या पोकळींतील माती भोंवतालच्या मातीहून निराळी असेल, तर त्याचें मूळ ठिकाण दुसरें. कडा झिजल्या असतील, तर प्रवाहानें लोळविलें. मात्र झिजेवरून प्रवास कळतो, वय कळत नाहीं. वयासाठीं हाडांत मुरलेलें फ्लुओरिन मोजतात, दांतांची भौतिक परीक्षा करतात.

असा निवाडा होईपर्यंत त्या कवटीभोंवतीं रान रेखाटण्याची घाई करूं नये. नर्मदाकांठीं तो मनुष्य होता, एवढें निश्चित. तो कोणत्या झाडाच्या सावलींत बसला, हें सांगावयास त्याच्या शेजारीं सांपडलेलें प्रत्येक हाड साक्षीदार होऊं शकत नाहीं.