संगणकाची मेमरी जाते कुठे?

घरचा संगणक मंदावला, साधी फाइल उघडायलाही वेळ लागू लागला, की पहिला संशय येतो तो ‘रॅम’चा. संशय रास्त असला, तरी नवी रॅम विकत घेण्यापूर्वी तिचा प्रत्यक्ष वापर तपासणे श्रेयस्कर ठरते.

रॅम म्हणजे संगणकाचे कामाचे टेबल, तर हार्ड डिस्क म्हणजे कपाट. चालू कामाचा पसारा टेबलावर मावेनासा झाला, की विंडोज त्यातील काही भाग डिस्कवरील ‘पेज फाइल’मध्ये हलवते. डिस्क रॅमच्या तुलनेत फारच संथ असल्याने संगणक अडखळू लागतो.

वापर कसा तपासावा?

विंडोज १० व ११ मध्ये ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ ही बटणे एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’ निवडावे. ‘इन यूज’ म्हणजे वापरात असलेली आणि ‘अव्हेलेबल’ म्हणजे मागताच मिळू शकणारी मेमरी. ‘कॅश्ड’ ही पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेली माहिती असते. गरज पडताच विंडोज ती जागा इतर कामाला देते. त्यामुळे निव्वळ रिकामी रॅम कमी दिसणे हा दोष नव्हे. नेहमीचे काम चालू असताना ‘अव्हेलेबल’चा आकडा तळाला जात असेल आणि डिस्क सतत धडपडत असेल, तर टंचाई खरी मानावी.

वापर कसा कमी करावा?

* ‘प्रोसेसेस’ विभागात ‘मेमरी’ या शीर्षकावर क्लिक केल्यास सर्वाधिक मेमरी घेणारे प्रोग्रॅम वर येतात. अनोळखी नावाची प्रोसेस मात्र माहिती घेतल्याविना बंद करू नये.
* बहुतेक घरांत या यादीत ब्राउजर अग्रभागी असतो. नको असलेले टॅब आणि एक्स्टेन्शन काढून टाकावीत. क्रोममधील ‘मेमरी सेव्हर’ व एजमधील ‘स्लीपिंग टॅब्ज’ या सोयी वापरात नसलेल्या टॅबची मेमरी मोकळी करतात.
* संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम ‘स्टार्टअप’ विभागातून ‘डिसेबल’ करावेत. अँटिव्हायरसला हात लावू नये.
* मेमरी ‘साफ’ करून देणाऱ्या प्रोग्रॅमपासून दूर राहावे. ते उपयुक्त माहितीही रॅममधून हुसकावतात आणि ती डिस्कवरून पुन्हा आणण्यात वेळ जातो.

एवढे करूनही टंचाई राहिली, तर रॅम वाढवणे योग्य. त्याआधी ‘मेमरी’च्याच पानावर रिकामे स्लॉट किती ते पाहावे. मदरबोर्डला चालणारा प्रकारही पाहावा. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. शिवाय ३२-बिट विंडोज १० चार जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही. तेथे वाढीव खर्च वाया जातो.