आठवड्यांचे दोन तास झाले तेव्हा

क्षयरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. अंड्यापासून बनवलेल्या हिरवट लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर त्याच्या खरखरीत, फिकट पिवळ्या वसाहती दिसायलाच कित्येक आठवडे लागत; कोणत्या औषधाला तो दाद देत नाही हे कळायला आणखी काही. तोवर रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राही आणि घरच्यांना संसर्ग होत राही. हा आंधळा काळ संपवणं हेच शीघ्र चाचणीचं खरं मोल, असं मी मानतो. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेलं जीनएक्सपर्ट यंत्र बेडक्यातल्या जंतूचं आरपीओबी जनुक तपासून सुमारे दोन तासांत रिफॅम्पिसिन या औषधाला असलेला प्रतिरोध सांगू लागलं.

आक्षेप रास्त आहेत. मेलेल्या जंतूंचा डीएनएही यंत्राला सापडतो आणि फक्त आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा जंतू त्यातून निसटतो. म्हणून माध्यमावर जंतू वाढवून पाहणं, म्हणजे कल्चर, मोडीत निघालं नाही, निघूही नये. पण रिफॅम्पिसिन निकामी ठरलं की बहुधा आयसोनियाझिडही ठरलेलं असतं. उपचार बदलायला तेवढी खूण पुरते. जीनएक्सपर्टला लागणारी वीज आणि थंड खोली ही अडचण मात्र खरोखर मोठी होती. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे तसंच यंत्र बॅटरीवर चालतं. २०२० मध्ये त्यालाही संघटनेची मान्यता मिळाली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही तपासणी शक्य झाली.