झोल्नहोफेनची पाषाणखाण व आपल्या शिळाछाप पोथ्या

(१) हस्तलिखितें धुंडाळतांना शिळाछापाची पोथी हातीं आली कीं ‘ही तर छापील’ असें म्हणून ती बाजूस सारावी, आणि एकाच ग्रंथाच्या दोन प्रती मिळाल्यास एक कोणास तरी देऊन टाकावी, अशी रीत संग्राहकांत पडून गेली आहे. ही रीत संशोधनास बाधक आहे, असें आमचें मत आहे. त्याचें कारण समजण्यास छापखान्याच्या आधीं खाणीकडे वळलें पाहिजे. कारण ह्या कलेस लागणारा उत्तम दगड जगभर मुख्यतः एकाच मुलुखांतून जात असे.

(२) तो मुलूख म्हणजे जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यांत वसलेलें झोल्नहोफेन गांव व त्याचा आसमंत. सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं तेथें उथळ व उष्ण समुद्र होता. स्पंज व प्रवाळ यांच्या उंचवट्यांनीं त्याचे कांहीं भाग मोकळ्या समुद्रापासून जवळजवळ तुटले होते. त्यांच्या तळाचें पाणी अतिखारट व प्राणवायूवांचून असल्यामुळें गाळ उकरणारे जीव तेथें जगत नसत. अशा निश्चल तळावर चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ थरावर थर बसत गेला. त्यांतील कठीण थरास तेथील लोक ‘फ्लिन्झ’ म्हणतात. त्यांत शेंकडा ९५ हून अधिक शुद्ध चुनखडीचा अंश असतो. दोन कठीण थरांमधील मातकट व मऊ थरास ‘फॉइले’ हें नांव आहे. पोथीचीं पानें जशीं सुटीं होतात, तशा ह्या मऊ थरांच्या ठिकाणीं फरशा एकमेकींपासून सुटतात.

(३) वरची माती व निरुपयोगी खडक काढल्यावर कामकरी पहार, छिन्नी व हातोडा यांच्या साह्यानें थर मोकळे करितात. यंत्रांचा रिघाव झाल्यावरहि फरशी सोडविण्याचें व निवडण्याचें काम हाताचेंच राहिलें आहे. निघालेल्या दगडांपैकीं पुष्कळसा टाकाऊ ठरून खाणीशेजारीं त्याचे डोंगर साचतात. पातळ फरशा छपरास व जमिनीस जातात. छापास मात्र जाड, शिरा व डाग नसलेला, सर्वत्र एकसारख्या पोताचा दगड लागतो. कारण यंत्राचा दाब त्यानें सोसला पाहिजे. पिवळट दगडापेक्षां निळसर करडा अधिक कठीण व सरस समजतात. असा दगड फारच थोडा निघे, म्हणूनच तो मोलाचा असे.

(४) अलोइस झेनेफेल्डर यानें १७९६ पासून अशा दगडावर प्रयोग केले व १७९८ च्या सुमारास छापाची खरी युक्ति साधली. स्निग्ध शाईनें लिहिलें असतां स्निग्धांश चुन्याशीं संयोग पावून दगडास धरून राहतो. उरलेल्या भागास गोंद व सौम्य तेजाब लाविलें, म्हणजे तो भाग पाणी धरून ठेवितो. मग दगड ओला करून रूळ फिरविल्यास शाई अक्षरांसच लागते. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर अग्निजन्य असून त्यांत हा चुना नाहीं. तो देवळांस व किल्ल्यांस उत्तम, परंतु ह्या कामास व्यर्थ. लेखकास उलटीं अक्षरें काढावयाचें कारण नसे. तयार केलेल्या कागदावर तो सरळ लिही व तो कागद दगडावर दाबून अक्षरें उतरवीत.

(५) ह्या दगडाची धारणशक्ति किती, हें १८६१ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं हेर्मान फॉन मायर यानें ह्याच दगडांत सांपडलेल्या एका पिसाचें वर्णन करून त्या प्राचीन पक्ष्यास ‘आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका’ असें नांव दिलें. त्यांतील दुसरें पद शिळाछापाच्या दगडावरूनच आलें आहे. पंधरा कोटि वर्षांपूर्वींच्या पिसाच्या तंतूंची ठेवण ज्या दगडानें राखली, त्या दगडावर छापखान्यांतील अक्षर मात्र फार दिवस राहत नसे. दगड महाग, म्हणून आवृत्ति निघाली कीं वाळू व पाणी घालून दगडावर दगड घांशीत, व उघड्या पडलेल्या नव्या पृष्ठावर दुसरा ग्रंथ चढे.

(६) ह्यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं इ. स. १८३१ (शके १७५३) मध्यें शिळाछापावर पंचांग काढलें. पुढें ह्या पद्धतीनें पोथ्याहि विपुल निघाल्या. सुटीं आडवीं पानें, दुरेघी समास, समासांत ग्रंथनामाचा संक्षेप, हा सर्व थाट हस्तलिखिताचा. आणि अक्षर तर प्रत्यक्ष लेखकाच्या हातचें. मूळ दगड घासला गेल्यावर पुढील आवृत्तीस बहुधा नव्यानें लिहावें लागे. लेखक बदले, कित्येकदां पाठहि बदले. खिळ्याच्या पुस्तकास निदान खिळे तरी मागें उरतात. येथें शिळेवर कांहींच उरत नाहीं. तेव्हां शिळाछापाची प्रत हीच त्या लेखनाची साक्ष होय.

(७) म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, एका ग्रंथाच्या दोन शिळाछाप प्रती मिळाल्यास त्या पान लावून ताडून पाहाव्या. अक्षराचें वळण, ओळींची संख्या, शेवटचा शक व लेखकाचें नांव हीं टिपून ठेवावीं. आणि त्या एकाच लेखनावरून उतरल्या आहेत अशी खात्री होईपर्यंत कोणतीहि प्रत हातची सोडूं नये. दगड कोरा झाला आहे. कागदहि गेला, तर तो पाठ पुन्हां मिळावयाचा नाहीं.