सोल फूड : रांधणाऱ्या हातांचा इतिहास

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या घरांत आणि मंडळात दोन विषयांवर हमखास चर्चा रंगते. आरास काय करायची हा पहिला आणि महाप्रसादाचा बेत काय ठेवायचा हा दुसरा. इंदुरात चार-चार, पाच-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी बोलताना हिंदी शब्द कधी येऊन बसतो ते कळतही नाही. नव्या पिढीला मराठी पुस्तक वाचायला दिले की टाळाटाळ होते. पण मोदकाला कळ्या किती हव्यात, कटाच्या आमटीत गूळ किती घालावा, या प्रश्नांवर मात्र घरातले कोणीही मागे हटत नाही. भाषा सैल होते तिथेही चव घट्ट राहते, असा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

हा अनुभव आपल्या एकट्यांचा नाही. आज आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली, सुना-जावई अमेरिकेत आहेत. तिथल्या कृष्णवर्णीय समाजाच्या स्वयंपाकाला ‘सोल फूड’ म्हणतात, हे त्यांच्याकडून आपल्या कानांवर आलेले असते. सोल म्हणजे आत्मा, जीव. रविवारी चर्चमधून परतल्यावरचे जेवण, उन्हाळ्यातले कुटुंबमेळावे, लग्न, बारसे, मयत, या सगळ्या प्रसंगी तो समाज जे रांधतो ते हे अन्न. त्याचा इतिहास आपण वाचावा असे आम्हांला वाटले, कारण घरापासून दूर गेलेली माणसे अन्नातून स्वतःला कशी जपतात, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे. आपले पूर्वज माळव्यात आले ते होळकरांच्या फौजेबरोबर, दरबाराच्या आश्रयाने. कोणी तलवार घेऊन आले, कोणी लेखणी, कोणी पोथी. त्यांच्या पाठीशी सत्ता होती. अमेरिकेत गेलेले आफ्रिकी लोक बेड्यांत गेले. १६१९ साली व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत वीसेक आफ्रिकी माणसे उतरवून विकली गेल्याची नोंद आहे. पुढे अटलांटिक महासागरावरचा हा व्यापार इतका वाढला की साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. त्यांतली लाखो वाटेतच मेली. आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या भूमीवर थेट आणलेल्यांची संख्या सुमारे चार लाख. १८०८ साली आयातीवर बंदी आली, पण गुलामगिरी सुरूच राहिली, आणि १८६० च्या शिरगणतीत तिथे जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती.

या माणसांना सामान बांधून नेता आले नाही. तरीही आफ्रिकेतली पिके त्याच जहाजांच्या वाटेने पलीकडे पोचली, आणि ती कशी पेरायची व कशी रांधायची याचे ज्ञान या माणसांच्या डोक्यात होते. चवळी आफ्रिकेची. भेंडीही मूळची तिथलीच असे बहुतेक जाणकार मानतात. न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध ‘गंबो’ या दाट रश्शाचे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरूनच आले आहे. कलिंगड, ज्वारी हीसुद्धा आफ्रिकेची देणगी. दक्षिण कॅरोलिनातील भातशेतीवर गोरे जमीनदार गडगंज झाले, त्या दलदलीत भात पिकवायला पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या प्रदेशांतली माणसे मुद्दाम आणली गेली.

इथे आपलाही धागा जुळतो. आपण जिला अस्सल आपली म्हणतो ती ज्वारी आणि बाजरी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच भारतात आली. चवळीची उसळ आणि भेंडीची भाजी यांचे माहेरही तेच. उलट तीळ मूळचा भारतातला. तो इथून आफ्रिकेत गेला आणि तिथून गुलामांबरोबर कॅरोलिनात पोचला. तिथे त्याला आजही ‘बेने’ या आफ्रिकी नावानेच ओळखतात आणि चार्ल्स्टन शहरात त्याच्या कुरकुरीत गोड चकत्या करतात. संक्रांतीचा तिळगूळ आणि त्या चकत्या यांचे नाते असे दोन महासागरांपलीकडचे आहे.

मळ्यावर गुलामांना मिळणारा शिधा किती असे? पुढे स्वातंत्र्यचळवळीचे थोर नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात तो नोंदवला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला ८ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल, म्हणजे सुमारे ३५ लिटर मापाचे, मक्याचे पीठ. एवढ्यावर दिवस उगवण्यापासून मावळेपर्यंत राबायचे. मग झोपडीमागे मिळेल तेवढ्या तुकड्यात भाजी लावायची, रात्री मासे पकडायचे, कोंबड्या पाळायच्या. मालकाच्या ताटात न जाणारे भाग, म्हणजे पाय, शेपूट, आतडी, झोपडीत शिजायचे. गणेशोत्सवाच्या अंकात हे वाचताना काहींना संकोच वाटेल, पण इतिहास सोवळ्यात गुंडाळून सांगता येत नाही.

यातूनच एक शहाणा स्वयंपाक उभा राहिला. कॉलर्ड ही कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी पालेभाजी. तिची जाड पाने धुरावलेल्या मांसाच्या एका तुकड्याबरोबर तास-दोन तास मंद आचेवर शिजवतात. शिजवल्यावर उरलेले पाणी फेकत नाहीत. मक्याची भाकरी त्यात बुडवून खातात. त्या पाण्याला ‘पॉट लिकर’ असे स्वतंत्र नावही आहे. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचे वरचे पाणी काढून आपण त्याची कटाची आमटी करतो, तिची इथे आठवण व्हावी. पातेल्यातले सत्त्व वाया जाऊ द्यायचे नाही, ही बुद्धी दोन्हीकडे तीच. गोड रताळ्यांना ते लोक ‘याम’ म्हणतात. खरे याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला आफ्रिकी कंद. कंद मागे राहिला, पण नाव ओठांवर राहिले आणि ते रताळ्याला चिकटले.

मालकाच्या मोठ्या घरातला स्वयंपाकही याच हातांनी होत असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसन यांनी १७८४ साली जेम्स हेमिंग्ज या आपल्या तरुण गुलामाला पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकवली. मॅकरोनी आणि चीज हा पदार्थ अमेरिकेत रुळवल्याचे श्रेय लोक पुष्कळ वर्षे जेफरसन यांना देत. चुलीपाशी उभे होते ते हेमिंग्ज. आपल्या धाकट्या भावाला सगळी कला शिकवून तयार केल्यावरच, १७९६ साली, त्यांना मुक्तता मिळाली. मोकळे होण्याची किंमत म्हणून सख्ख्या भावाला आपल्या जागी उभे करायचे, हे नुसते ऐकूनही मन विषण्ण होते.

कुटुंबमेळावा हा शब्द आपण सहज वापरतो. त्या समाजाला तो सहज मिळालेला नाही. गुलामगिरीत नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या आणि मुले तिसऱ्याच राज्यात विकली जात. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मुक्ततेचा हुकूम वाचला गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. त्यानंतर कितीतरी वर्षे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत एकाच प्रकारच्या जाहिराती येत राहिल्या : माझी आई अमुक मालकाकडे होती, माझा भाऊ तमुक साली विकला गेला, कोणाला ठावठिकाणा माहीत असेल तर कळवावे. पुष्कळांना उत्तर आलेच नाही. ज्यांना आपली माणसे सापडली त्यांनी एकत्र बसून जेवणे हा मग नुसता बेत राहिला नाही. आज तिथल्या कुटुंबमेळाव्यात शंभर-शंभर माणसे दुरून येतात, तेव्हा त्यामागे ही तहान आहे. १९ जूनच्या सणाला, ‘जूनटीन्थ’ला, लाल सरबत आणि कलिंगड असते. २०२१ पासून तो अमेरिकेचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. १ जानेवारीला चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून ‘हॉपिन जॉन’ नावाचा भात करतात. चवळी भाग्याची, कॉलर्डची हिरवी पाने नोटांची आणि मक्याची पिवळी भाकरी सोन्याची, असा संकेत आहे.

पुढे १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतला वंशभेद आणि दारिद्र्य मागे टाकून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांकडे गेले. वाटेतल्या खाणावळींत त्यांना प्रवेश नसे. म्हणून बायका बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा बांधून देत. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या आणि चटणी बांधून देत असत, पण त्यांच्या शिदोरीत प्रेम होते तसे या शिदोरीत अपमान टाळण्याचे शहाणपणही होते. शहरात गेल्यावर गावाकडचे रोजचे आणि सणाचे जेवण हीच ओळख बनली. १९६० च्या दशकात काळ्या अस्मितेच्या चळवळीत त्याला ‘सोल फूड’ हे नाव रूढ झाले. आमच्या लोकांची स्वतःची अशी पाककृतीच नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून अमिरी बराका या कवीने १९६२ साली याच शीर्षकाचा निबंध लिहिला.

त्याच्या आधीच एका स्वयंपाकिणीने या अन्नाची ताकद दाखवून दिली होती. १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरी शहरात बसवरचा बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर ने-आण करायला गाड्या हव्यात, गाड्यांना पेट्रोल हवे. जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या मैत्रिणींनी घरोघरी केक, पाय, जेवणाचे डबे करून विकले आणि पैसा चळवळीला दिला. पैसे कुठून आले असे विचारल्यास उत्तर एकच, ‘कुठूनही नाही’. म्हणून त्यांच्या गटाचे नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ पडले. न्यायालयात साक्ष दिल्यावर गिल्मोरबाईंची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी घरीच खानावळ घातली आणि मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवत असत. १९९० साली सेल्माच्या मोर्चाच्या पंचविसाव्या स्मृतिदिनी त्या वारल्या. मोर्चेकऱ्यांसाठी त्यांनी रांधायला घेतलेले अन्न त्यांच्या दुःखात सामील व्हायला आलेल्यांना वाढले गेले.

या परंपरेवर टीकाही झाली, आणि ती घरातूनच झाली. मीठ, चरबी, साखर यांनी आपला समाज आजारी पडतो आहे आणि हे गुलामीचे अन्न आपण का मिरवतो, असे १९६० च्या दशकातच काही कृष्णवर्णीय नेते विचारू लागले. त्याचे एक उत्तर असे की तळलेली कोंबडी आणि केक हे मुळात रविवारचे, सणाचे पदार्थ. रोजचे अन्न म्हणजे पालेभाजी, चवळी, रताळे. सण रोजच्या ताटात आला की बिघडते. श्रीखंड-पुरी वाटेल तेव्हा डब्यातून घरी येऊ लागल्यावर आपल्याही घरांत रक्तातली साखर वाढली आहेच.

आपल्या भाषेचा या इतिहासाशी एक जुना संबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आहे. तिकडच्या मळ्यांत आणि इकडच्या गावकुसाबाहेर एकच प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले. त्या गावकुसाबाहेरच्या चुलींचा इतिहास शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीच्या रूपाने मांडला. दुसऱ्यांनी टाकलेल्यातून आणि मिळेल त्यातून चव उभी करणारी माणसे आपल्या प्रदेशातही होती आणि आहेत. ‘मराठी जेवण’ म्हणताना आपल्या स्मरणिकांतून आजवर पुरणपोळी, मोदक आणि आळूचे फदफदे एवढेच आले. ते आपले आहेच, पण मराठी चुली तेवढ्याच नाहीत.

अमेरिकेतल्या त्या स्वयंपाकाचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे शतकानुशतके रांधणाऱ्यांची नावे लिहिली गेली नाहीत. त्यांना लिहा-वाचायला बंदी होती. ॲबी फिशर या पूर्वी गुलाम असलेल्या स्वयंपाकिणीने १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाककृतींचे पुस्तक काढले. स्वतःला अक्षर येत नव्हते म्हणून त्यांनी ते सांगून लिहवून घेतले. आपल्या घरांत अशी काही बंदी नव्हती, तरी आपल्या पणज्यांच्या पाककृती कुठे आहेत? ‘अंदाजाने घाल’ एवढ्यावर त्या थांबल्या, आणि तो अंदाज असलेले हात आता थोडेच उरले आहेत.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे. या दहा दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक पदार्थ तरी लिहून घ्यावा. प्रमाण वाटीचमच्यात लिहावे. त्याखाली तो कोणाकडून आला, त्या बाईचे माहेर-सासर कोणते, कोणत्या गावाहून हे घर इंदुरात आले आणि इथे आल्यावर त्यात काय बदलले, तेही लिहावे. महाप्रसादाच्या भटारखान्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसांची नावेही त्यात असावीत. कागद मंडळाच्या कचेरीत द्यावेत; पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही ते नावांनिशी छापू.