वर्ग, इयत्ता आणि अवधान : शाळेच्या इतिहासातील एक प्रश्न

वर्गात विद्यार्थ्यांचे लक्ष नसते, ही तक्रार शिक्षकांच्या तोंडी इतकी रुळलेली आहे की ती शिक्षणाइतकीच पुरातन असावी, असे सहज वाटते. परंतु ही तक्रार संभवण्यास आधी वर्ग अस्तित्वात असावा लागतो. एका शिक्षकाने एकाच वेळी, एकच पाठ, अनेक मुलांना सांगावा आणि त्यांनी तो निमूटपणे ऐकावा, ही व्यवस्था महाराष्ट्रात फार जुनी नाही. ती नव्हती तेव्हा मुलांचे चित्त अभ्यासावर कसे राखले जाई आणि ती आल्यावर काय पालटले, हे पाहिले असता या नित्याच्या तक्रारीचे स्वरूप पुष्कळसे उकलते.

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘अवधान’ हा शब्द ‘अव’ उपसर्ग व ‘धा’ धातू यांपासून झाला असून ‘ठेवणे’ ही त्यातील मूळ कल्पना आहे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांजवळ मागितले आहे ते हेच. ‘लक्ष’ या शब्दाचे नाते खुणेशी व नेमाच्या निशाणाशी आहे. मराठीत अवधान आणि लक्ष ही दोन्ही ‘दिली’ जातात, म्हणजे या क्रियेचा कर्ता ऐकणारा असतो. उलट ‘लक्ष वेधून घेणे’ या प्रयोगात कर्ता बोलणारा होतो व ऐकणारा केवळ निशाण उरतो. शाळेचा इतिहास या दोन वाक्प्रचारांमध्ये हेलकावत राहिलेला दिसतो.

‘वर्ग’ म्हणजे सजातीयांचा समूह. वर्णमालेतील ‘क’वर्ग, ‘च’वर्ग ही त्याची परिचित उदाहरणे. ‘इयत्ता’ हा तर ‘इयत्’, म्हणजे ‘एवढे’, यापासून झालेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘एवढेपणा’, अर्थात परिमाण. कोणत्या मुलाने किती शिकावे याचे माप जेव्हा आधीच ठरू लागले, तेव्हा मापाचा वाचक शब्दच शाळेच्या पायरीचे नाव झाला, हे लक्षणीय आहे.

पंतोजींच्या शाळेत असे माप नव्हते. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर ती भरे. १८२० ते १८३० या दशकातील सरकारी चौकशांतून मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा व सुमारे ३५,००० विद्यार्थी असल्याचे आढळते, म्हणजे सरासरीने एका शाळेत वीसच मुले. त्यांतील एक धुळपाटीवर अक्षरे गिरवीत असे, दुसरा मोडीचा कित्ता वळवीत असे, तिसरा पावकी, निमकी, पाऊणकी ओलांडून औटकीपर्यंत पोहोचलेला असे. प्रत्येकाचा पाठ निराळा आणि प्रत्येकाची गती निराळी. संथा मोठ्याने म्हणावयाची असल्याने शाळेचा गलबला दुरूनही कानी येई. बाहेरच्या निरीक्षकास तो गोंधळ वाटला, तरी पंतोजीस तीच अवधानाची खूण होती. ज्याचा आवाज थांबला त्याचे चित्त ढळले, हे पाठ फिरवूनही कळे. हात धुळीत, जीभ पाढ्यात आणि कान शेजाऱ्याच्या सुरात गुंतलेले असल्याने मनाला भटकण्यास वाव थोडा राही.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. आवाज चालू असणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. छडी, उठाबशा, अंगठे धरून ओणवे उभे करणे या शिक्षा नित्याच्या होत्या. शिवाय ज्यांना त्या ओसरीवर बसण्यासच मज्जाव होता त्या जातींतील मुलांच्या, तसेच बहुतेक सर्व मुलींच्या, अवधानाचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

धुळीवर लिहिणे व सुरात म्हणणे यांचा संयोग दक्षिणेत दूरवर पसरलेला होता. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी इक्केरी येथे आला असता त्याने देवळाच्या पडवीत चार मुलांना अंकगणित घोकताना पाहिले. एक जण पाठ सुरावर म्हणे, तोच सगळे जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने लिहीत आणि जागा भरली की पुसून पुढे चालत. चुकल्यास सुधारतो कोण, या त्याच्या प्रश्नावर, चौघेही एकाच जागी चुकणे शक्य नाही, म्हणून गुरूवाचून आपण परस्परांनाच शिकवितो, असे उत्तर त्याला मिळाले. लक्ष राखण्याचे काम येथे शिक्षकाकडे नसून सोबत्यांकडे होते.

पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी याच प्रघाताला विलायती रूप मिळाले. मद्रासजवळील एग्मोर येथे १७८९ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. आपल्या शिक्षकांना ती रीत रुचत नाही असे दिसताच त्यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलावर लहानग्यांना शिकविण्याचे काम सोपविले. या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या साउथवर्क भागात शाळा उघडली व मोठ्या मुलांकरवी शेकडो लहान मुलांना शिकविण्याची पद्धत नावारूपास आणली. मात्र तिकडे जाताना मूळ प्रघात बदलला. चार सोबत्यांच्या जागी नायक विद्यार्थी आला आणि मुलांच्या रांगा, हुकूम, क्रमांकाची चढउतार, बक्षिसाच्या चिठ्ठ्या आल्या. लँकेस्टर फटक्यांच्या विरुद्ध होते, पण गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे किंवा टोपलीत बसवून छताला टांगणे अशा लाजविणाऱ्या शिक्षा त्यांच्या शाळेत होत्या. अवधान आता देण्याची वस्तू राहिली नाही. ते वसूल करण्याची वस्तू झाले.

मुंबईत १८२२ मध्ये शालेय पुस्तके व शाळा यांसाठी जी संस्था निघाली व १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्या समितीने देशी शिक्षणातील मोठे दोष सांगताना पुस्तकांच्या उणिवेखालोखाल सुलभ अध्यापनपद्धतीच्या अभावावर बोट ठेवले आणि लँकेस्टरच्या पद्धतीचा पुरस्कार केला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले चौदा मराठी व दहा गुजराती शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्यांत धाडण्यात आले. मद्रासच्या वाळूतून उचललेली कल्पना अशा रीतीने लंडनचा फेरा करून धुळपाटीच्याच प्रदेशात नवी म्हणून परत आली.

त्यानंतरचा पालट अधिक खोल होता. छापील पुस्तके, ठरावीक अभ्यासक्रम आणि १८५५ मध्ये स्थापन झालेले शिक्षणखाते यांमुळे सर्वांना एकदम शिकविण्याची रीत हळूहळू रुजली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमांनी हजेरी व परीक्षेचा निकाल यांवर अनुदान अवलंबून ठेवले आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याचे तत्त्व आले. हजेरी मोजता येते, निकालही मोजता येतो. त्यांच्यामधले अवधान मात्र मोजता येत नाही. शांतता ही सुव्यवस्थेची खूण ठरली. पूर्वी गप्प बसलेला मुलगा तत्काळ ओळखू येत असे. आता गप्प बसलेला मुलगाच शहाणा मानला जाऊ लागला. तो ऐकतो आहे की नाही, हे कळण्याचे साधन शिक्षकाच्या हातून गेले आणि ‘लक्ष नसलेला विद्यार्थी’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मास आला.

त्यावर पाश्चात्त्य विचारवंतांनी उपाय शोधले. हर्बार्ट यांनी १८०६ च्या ग्रंथात बहुमुखी अभिरुचीला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. विल्यम जेम्स यांनी १८९९ मध्ये शिक्षकांपुढील व्याख्यानांच्या ग्रंथात दाखविले की प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष काही क्षणच टिकते. विषयाने स्वतःच नवनवी बाजू दाखविली नाही, तर ते पुनःपुन्हा ओढून आणावे लागते. म्हणजे लक्ष ढळणे हा मुलाचा अपराध नसून मनाचा धर्म आहे.

महाराष्ट्रात या जाणिवेला सर्वांत धीट रूप मिळाले ते आदिवासी भागात. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडला गेले. तेथे वारली मुले शाळेत टिकत नव्हती, कारण ती दिवसभर गुरांमागे असत. त्यांना मंद किंवा चंचल न ठरविता शाळाच कुरणात नेण्यात आली. तीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे ही तिची साधने होती. गुरे राखणारे मूल बेसावध नसते. एकही जनावर शेतात शिरू नये म्हणून त्याचे अवधान अखंड जागे असते. ते फक्त शाळेने मांडलेल्या निशाणावर नव्हते.

या सर्व वाटचालीतून एक गोष्ट निष्पन्न होते. हात, वाणी व सोबती यांना काम देणाऱ्या रीती टिकल्या तेथे अवधान मागावे लागले नाही. ती कामे काढून घेऊन केवळ कान उघडे ठेवण्यास सांगितले गेले, तेथे ते वेधून घेण्याचे उपाय कधीच पुरे पडले नाहीत. म्हणून ‘याचे लक्ष नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या वाक्यास ‘कशाकडे’ हे पद जोडणे अगत्याचे आहे. तेवढ्याने वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण होते आणि मुलासंबंधीचा निर्णय मात्र, न्यायाने, अपूर्ण राहतो.