हातखंबा तिठ्यावरच्या वाचकासाठी : प्रत्यारोपण शल्यविद्येची प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा तिठ्याला रत्नागिरीचा फाटा फुटतो. महामार्गावर अपघात झाला की नाणीजच्या संस्थानाची रुग्णवाहिका धावून येते, हे इथल्या माणसाला नवे नाही. डोक्याला जबर मार बसलेल्या एखाद्या जखमीचा मेंदू कायमचा थांबतो. हृदय मात्र यंत्राच्या श्वासावर चालू राहते. अवयव प्रत्यारोपणाची सुरुवात अनेकदा अशा खाटेपासून होते. तेव्हा हा विषय बड्या शहरांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये.

त्यातला एक मानाचा अध्याय तर आपल्याच राज्यातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांनी त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून हात बसवला होता. तरीही रुग्ण काही तासांतच दगावला. मुंबईत हृदय प्रत्यारोपण यशस्वी व्हायला पुढे २०१५ उजाडले, डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडला बसवले. मधल्या ४७ वर्षांत कसबी हातांची वाण नव्हती; उणीव होती औषधाची आणि कायद्याची. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यायचे सायक्लोस्पोरिन १९८०च्या दशकात रुळले, आणि मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा झाला १९९४ साली.

प्रत्यारोपण शल्यविशारदाचे शिक्षण लांबलचक आहे. एमबीबीएस, इंटर्नशिप, एमएस, एमसीएच मिळून साडेअकरा वर्षे, आणि त्यावर फेलोशिप. पण खरे शिक्षण पाहायचे तर 'बॅक टेबल'पाशी उभे राहावे. तिथे बर्फातल्या मूत्रपिंडावरची चरबी सोलून रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या बांधायच्या असतात. मग मुख्य वाहिन्यांची जोडणी. अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ साली दाखवलेली युक्ती अशी : वाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताणले की त्रिकोण होतो आणि सुई समोरच्या भिंतीत अडकत नाही. चिमटे सोडले की फिकट मूत्रपिंड गुलाबी होते. नशीब असेल तर काही मिनिटांतच लघवीही दिसते.

तुम्ही नवखे असाल, तर आधी दात्याच्या शस्त्रक्रियेविषयी वाचा. वर्तमानपत्रे अवयव घेणाऱ्याची बातमी देतात. माझ्या मते शल्यविशारदाची कसोटी दात्याच्या टेबलावर लागते. देहाबाहेर काढल्यावर हृदय चार ते सहा तास टिकते, मूत्रपिंड साधारण एक दिवस. एवढ्या हिशेबात निरनिराळ्या इस्पितळांचे चमू एकाच देहाभोवती आपापल्या पाळीची वाट पाहतात. त्याआधी मेंदूमृत्यूची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा व्हावी लागते, आणि ती करणाऱ्या डॉक्टरांत प्रत्यारोपण करणाऱ्याला जागा नाही.

रोगप्रतिकारशास्त्राची प्रकरणे पहिल्या वाचनात जड वाटली तर खुशाल मागे ठेवा. कायद्याचे प्रकरण मात्र सोडू नका, आणि जमल्यास ते घरात मोठ्याने वाचा.